मुलीकडची माणसे

माझ्या विहीणबाईंना न घाबरणारा प्राणी कुंभकोणम तालुक्यात एकच आहे, आणि त्याला चार पाय असतात. दोन पायांच्या प्राण्यांपैकी बँकेतला अधिकारी, देवळातला भटजी, भाजीवाला, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, त्यांचा स्वतःचा मुलगा आणि मी, असे सगळे त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की हातातले काम चोख करू लागतात. कुत्री मात्र त्यांना पाहून जमिनीवर लोळतात, पोट वर करतात, आणि त्यांच्या कडक इस्त्रीच्या साडीवर चिखलाचे पंजे उमटवतात. त्याबद्दल कुत्र्यांना आजवर एक शब्द ऐकावा लागलेला नाही. मी एकदा त्यांच्या ओट्यावर ओल्या चपला घालून चढलो होतो. आमच्या घराण्यातल्या संस्कारांचे उदाहरण म्हणून ती गोष्ट अजून सांगितली जाते.

व्याही हे नाते ज्या कोणी निर्माण केले त्याने मुलीच्या बापाचा विचार केला नव्हता. मित्राला नकार देता येतो, भावाशी भांडता येते, शेजाऱ्याशी बोलणे बंद करता येते. पण ज्या घरी आपली मुलगी दिली त्या घरच्या माणसाला ‘मला वेळ नाही’ असे सांगता येत नाही. मी रेल्वेत स्टेशनमास्तर होतो. नोकरीचा बराच काळ सोलापूर विभागात गेला, त्यामुळे माझे मराठी महाराष्ट्रातल्या वाचकाला चालण्यासारखे आहे. विहीणबाईंचे ऐकून तो गोंधळेल. त्यांच्या पूर्वजांबरोबर ती भाषा तंजावरच्या दरबारात आली, आणि तिकडे पुढे मराठीचे काय झाले याची चौकशी तिने कधी केली नाही. निवृत्तीनंतर शांतपणे राहावे म्हणून मी कुंभकोणमला परत आलो. पत्नी त्याआधीच गेली होती. गावातल्या मेलकावेरी भागात नदीजवळ घर घेतले, तेव्हा विहीणबाई मागच्याच गल्लीत राहतात हे मला ठाऊक होते. त्यांच्या कुत्र्यांविषयी मला कोणी काही बोलले नव्हते. पुढे मुलीला जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, सांगितलं असतं तर तुम्ही तिरुचीत घर घेतलं असतं.” हे खरे आहे.

‘कुत्री पाळणे’ हा शब्द त्यांच्यासमोर काढू नये. त्या कुत्री ‘सांभाळून ठेवतात’. तिरुनागेश्वरमच्या रस्त्याला भाताची एक बंद पडलेली गिरणी आहे. तिच्या आवारातली पत्र्याची लांब शेड त्यांनी मालकाकडून मिळवली. कशी, ते विचारण्याचे धैर्य मालकालाही झाले नसावे. वाहनाखाली सापडलेली, आजारपणात हाकललेली, घर बदलताना दारात सोडून दिलेली कुत्री तिथे आणली जातात, बरी केली जातात, आणि आसपासच्या खेड्यांत चांगले घर मिळाले की दिली जातात. या कामाचा पगार कोणाला नाही. परिमळा नावाची एक बाई देवळाच्या दाराशी फुले विकते. ती फुले ओवायला बसण्याआधी शेडमधल्या चुलीवर भात शिजवते. सेल्वम नावाचा रिक्षावाला आहे. तो कुत्र्यांची ने-आण करतो. त्याच्या रिक्षात एकच लांब बैठक आहे, आणि तिच्यावर बसण्याचा पहिला मान कुत्र्याचा असतो. मी अनेकदा कडेला अर्धा बाहेर बसून प्रवास केला आहे. सेल्वम मागे वळून विचारतो, “सार, नीट बसलात ना?” हा प्रश्न तो कुत्र्याला विचारत नाही, कारण कुत्रे नीट बसलेले असते.

मला या कामात कोणी बोलावले नव्हते. एके सकाळी विहीणबाई फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, “व्याही, उद्यां न्हाऊन, धूत वेष्टी नेसून तयार असा. राहुकाळ लागण्याआधी निघूं. एक स्थळ पाहायचं आहे.”

“कोणासाठी?”

“चंद्राक्कासाठी.”

चंद्राक्का हे माझ्या थोरल्या आत्याचे नाव. ती वारून पुष्कळ वर्षे झाली होती. आयुष्यभर कुत्रे दिसले की ती ओट्यावर चढून बसत असे. शेडवर जाऊन पाहिले, तर तिच्या नावाची तांबडी, एका कानाची कुत्री कोपऱ्यात अंग खाजवत होती. मी कडक शब्दांत विचारले की आमच्या आत्याचे नाव कुत्रीला देण्याचे कारण काय. विहीणबाई म्हणाल्या, “चांगली बाई होती तुमची आत्या. चांगलं नाव वाया काय म्हणून घालवायचं?” पुढे पाहिले तर शेडमध्ये दोन्ही घराण्यांतल्या बहुतेक दिवंगत स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या काही एकमेकींशी हयातीत जशा वागत तशाच वागत होत्या.

स्थळ हा शब्द त्यांनी सहज वापरला नव्हता. खेड्यात राखणीला लोकांना नर हवा असतो. मादीला पिल्ले होतात म्हणून तिला बाजारच्या दिवशी दुसऱ्या गावात सोडून येतात. शेडमध्ये त्यामुळे माद्याच फार. त्यांची शस्त्रक्रिया केलेली असते, लस टोचलेली असते, पिल्लांचा प्रश्न उरलेला नसतो, तरीही येणारा प्रत्येक गृहस्थ दारातूनच विचारतो, “नर नाही का?” हा प्रश्न ऐकता ऐकता एक दिवस विहीणबाईंच्या मनाने असा कौल दिला की इथे सगळ्या मुलीच आहेत, म्हणजे आपण मुलीकडची माणसे, आणि मुलगी द्यायची तर रीतीने द्यायची. शेडच्या दारात उभे राहून मागणाऱ्याला त्या दिवसापासून कुत्री मिळालेली नाही. आधी आम्ही घर पाहायला जायचे. ताटात विडे, केळी, हळदकुंकू. कुत्री बरोबर न्यायची नाही, कारण बोलणी चालू असताना मुलीने तिथे असणे बरे दिसत नाही. बोलणी मुलीकडच्या वडीलधाऱ्या पुरुषाने करायची असतात. विहीणबाईंचे यजमान हयात नाहीत. मग तो पुरुष मी. प्रत्यक्षात बोलणी त्याच करतात. मी वेष्टी नेसून शेजारी बसतो.

सेल्वमने एकदा सुचवले की कुत्र्यांचे फोटो काढून फोनवर सगळ्या गावांना पाठवू, आठवड्यात शेड रिकामी होईल. परिमळाही हो म्हणाली. विहीणबाईंनी दोघांना समोर उभे केले. “मुलीचा फोटो गावभर फिरवायचा? आणि तो पाहून एखादा म्हणाला नाक लांब आहे, तर?” सेल्वम म्हणाला, “अम्मा, कुत्र्याचं नाक लांबच असतं.” त्यावर त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की बिचाऱ्याने फोन खिशात ठेवला आणि उगाच रिक्षा पुसायला घेतली.

आम्ही पाहिलेल्या घरांचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. गाय पाहायला आलेला दलाल जितके विचारतो त्याहून जास्त त्या विचारतात. पाणी कुठे ठेवाल? दुपारचे ऊन कोणत्या बाजूने येते? घरात चिडका कोण? एका घरी यजमानांच्या हातात काठी दिसली, तर ती कशासाठी आहे हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. त्या गृहस्थांचे गुडघे गेले होते. अखेर त्यांना काठीशिवाय अंगणात चालून दाखवावे लागले. दुसऱ्या एका घरी सगळे जमले होते. ओटा सावलीत होता, माणसे बरी होती, राहुकाळाला अवकाश होता. तेवढ्यात घरातल्या म्हातारीने सहज विचारले, “मुलीबरोबर काय देणार?” तिला साखळी आणि जेवणाची थाळी अभिप्रेत होती. विहीणबाई उठल्या. “मागणाऱ्यांच्या घरी आम्ही मुलगी देत नाही,” असे तमिळमध्ये म्हणाल्या आणि ताट उचलून चालू लागल्या. मी मागे राहून म्हातारीची समजूत घातली. ती मला म्हणाली, “अय्या, त्या कोणाची मुलगी म्हणत होत्या?” मी नमस्कार करून निघालो. सरळ उत्तर दिल्याने प्रसंग सुधारला नसता.

माझे मत पहिल्यापासून स्पष्ट होते. घर बरे दिसले की हो म्हणावे आणि निघावे. एका गाडीच्या निर्णयाला उशीर झाला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, हे मी नोकरीत शिकलो. “व्याही, तुम्ही काय म्हणतां?” असे त्या रीतीखातर मला विचारत, आणि त्यांचा प्रश्न पुरा होण्याआधी मी “द्या” म्हणत असे. त्या मग यजमानांकडे वळून सांगत, “व्याह्यांना घाई असते. आम्ही विचार करून कळवूं.”

याच बाई माझ्या मुलीच्या लग्नात मुलाकडच्या होत्या. त्या वेळी आमच्याकडची कॉफी त्यांना निवालेली लागली, आणि मांडवातल्या स्वयंपाक्याला त्यांनी कॉफी कशी करावी हे पहिल्यापासून शिकवले. तो कुंभकोणमचा स्वयंपाकी होता. कॉफीबद्दल त्याला शिकवणारे माणूस त्याने त्याआधी पाहिले नव्हते. आता कुत्रीसाठी घर पाहायला गेल्यावर कोणी कोमट, गोडमिट्ट, सायीची कॉफी पुढे केली तरी त्या ती शेवटपर्यंत पितात आणि “छान आहे” म्हणतात. एकदा मला राहवले नाही, मी तो जुना प्रसंग काढला. “तेव्हां मी मुलाकडची होतें,” त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

पण मुलगी दिली की सुटलो, असे नसते. देताना परिमळाने केलेला हार कुत्रीच्या गळ्यात असतो, जो ती रिक्षात खाते. बरोबर तिची थाळी आणि तिच्या वासाचे गोणपाट असते. निरोपाच्या वेळी विहीणबाई दुसरीकडे पाहतात आणि सेल्वमवर विनाकारण ओरडतात. हे आता सेल्वमलाही कळते, तो आधीच मान खाली घालून उभा राहतो. दोन-चार दिवसांनी आम्ही चौकशीला जातो. आणि मग दिवाळी येते. मुलीची पहिली दिवाळी माहेरी, हा नियम त्यांनी कुत्र्यांनाही लावला. फटाक्यांनी नवी कुत्री बिथरून पळून जातात हे खरे आहे, आणि गिरणीच्या आवारात फटाक्यांचा आवाज कमी येतो हेही खरे. तेव्हा या व्यवस्थेत मला दोष काढता आला नाही. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून, नवी वेष्टी नेसून, मी सेल्वमच्या रिक्षातून गावोगाव फिरत दिलेल्या मुली माहेरी परत आणत होतो, आणि प्रत्येक घरची माणसे त्यांच्याबरोबर मिठाईचा पुडा देत होती, कारण मुलीला रिकाम्या हाताने माहेरी कसे पाठवायचे. एका घरी मला ओवाळले. मी स्तब्ध उभा राहिलो. विरोध केला असता तर आणखी वेळ गेला असता.

दिवसाची सुरुवातही त्यांच्याच हाती असते. रोज सकाळी फाटकाशी आवाज येतो, “व्याही, उठलां कां?” मी पहाटे चारला उठतो. हे त्यांना माहीत आहे. त्या विचारतात, मी “उठलो” म्हणतो, त्या “सरि”, म्हणजे बरं, म्हणतात आणि रसवांगीचा, म्हणजे वांग्याच्या आंबट आमटीचा, डबा कठड्यावर ठेवून शेडकडे जातात. रसवांगीत तिखट जास्त असते. मी हे अनेकदा सांगितले आहे. तिखट कमी झालेले नाही.

गेल्या वर्षी शेडमधल्या ओल्या फरशीवर पाय घसरून त्या पडल्या. हाड मोडले नाही, पण गुडघा सुजला तो पूर्ववत झाला नाही. जिना चढताना त्या थांबू लागल्या, आणि थांबल्याचे कळू नये म्हणून मधल्या पायरीवरून खालच्या माणसाला काहीतरी काम सांगू लागल्या. माझा जावई आणि मुलगी चेन्नईहून आले. जावई शांत माणूस आहे. तो म्हणाला, “अम्मा, आता इथे एकटं राहणं पुरे. आमच्याकडे चला.”

“घरांत लग्नाच्या मुली असतां आईनें कुठें जायचं?”

“अम्मा, त्या कुत्र्या आहेत.”

माझ्या मुलीने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला तिच्या आईची वाटली. बरीच ओढाताण झाली. शेवटी विहीणबाईंनी शब्द दिला: आज शेडमध्ये आहेत त्या अवघ्या मुलींची घरे झाली की आपण चेन्नईला येऊ. नवीन येणाऱ्या कुत्र्यांचे परिमळा आणि सेल्वम पाहतील, पाहिजे तर फोटो काढून. जुन्या मुली मात्र रीतीनेच जातील. शब्द दिला की त्या मोडत नाहीत, हे जावयाला माहीत होते. माझ्या मुलीने निघताना मला बाजूला घेतले. “अप्पा, तुम्ही मनावर घ्या. त्यांचं ‘पाहूं, कळवूं’ चालू राहिलं तर हे कधीच संपणार नाही. तुमच्यासारखं एक माणूस मागे लागलं की काम होतं.”

मी मनावर घेतले. रेल्वेच्या फाटकांवरचे ओळखीचे चौकीदार, नारळाच्या बागांचे राखणदार, पानमळेवाले, देवस्थानच्या गोशाळेतला माणूस, अशा सर्वांकडे मी स्वतः गेलो. कुत्री हवी का, असे मी विचारले नाही. कुत्रीचे गुण सांगितले आणि कधी येऊ ते विचारले. घर पाहायला जाण्याआधी मीच एकदा जाऊन येत असे आणि काठी दिसली तर ती आत ठेवायला सांगत असे. कॉफीचे मात्र त्यांच्यावर सोडले. महिनाभरात शेडमधला गोंगाट उतरू लागला. चंद्राक्का नारळाच्या बागेत गेली, आणि ऐकतो की ती आता माणसांना पाहून ओट्यावर चढते. एकेक थाळी आणि एकेक गोणपाट कमी होत गेले. मुलीचा दर रविवारी फोन येई. मी आकडा सांगत असे, ती “शाबास अप्पा” म्हणे. काम संपत आले की माझे घर शांत होईल हेही दिसू लागले. शांततेसाठीच मी कुंभकोणमला आलो होतो.

शेवटी गोदा राहिली. गोदा म्हातारी, राखी रंगाची, मागच्या एका पायाने अधू, आणि भुंकत नाही. चोर आला तर ती बहुधा त्याच्या पायाशी जाऊन झोपेल. अशा कुत्रीला खेड्यात कोण घेणार? मी पुष्कळ ठिकाणी बोललो. लोक ऐकून घेत, मग विचारत, “भुंकत नाही, तर करते काय?” मी परत येऊन ते सांगत असे. विहीणबाई म्हणत, “तुम्हीं कधीं भुंकतां? तरी ठेवलं आहेच की तुम्हांस.”

मग सेल्वम एक स्थळ घेऊन आला. सुंदरपेरुमाळ कोयिल गावातले गोविंदसामी. केळीची बाग, दोन गाई, पत्नी नाही, मुलगा-सून जवळ राहतात. आम्ही गेलो. विहीणबाईंना रिक्षातून उतरायला वेळ लागला; त्यांनी तेवढ्यात सेल्वमला टायरमधली हवा तपासायला सांगितली. घराला कडुलिंबाची दाट सावली होती. गोठ्यात कोरडा पेंढा होता. पाण्याची कुंडी इतकी बुटकी होती की अधू जनावरालाही मान वर करावी लागू नये. सुनेने कॉफी आणली. मी पहिला घोट घेतला आणि विहीणबाईंकडे पाहिले. कॉफी उत्तम होती. त्यांनीही ते ओळखले, आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा उतरला.

गोविंदसामींनी नर आहे का असे विचारले नाही. ते म्हणाले, “अम्मा, माझी जुनी कुत्री मागे वारली. राखणीला मला कोणी नको. इथे चोरायला केळीच आहेत, आणि ती मागितली तर मी तशीच देतो. सुनेला दिवसभर काम असतं. संध्याकाळी ओट्यावर शेजारी कोणी बसलेलं असलं की बरं वाटतं. भुंकत नाही म्हणालात, ते फारच चांगलं. मला ऐकू कमी येतं.”

विहीणबाईंनी आपले सगळे प्रश्न विचारले. त्यांना सगळी उत्तरे मिळाली. प्रश्न संपले असे मी प्रथमच पाहिले. त्या थोडा वेळ कुंडीकडे पाहत राहिल्या, मग पेंढ्याकडे, मग ताटातल्या विड्यांकडे. जावयाने चेन्नईच्या गाडीची चौकशी करून ठेवली होती. गोदाचे झाले की अवघ्यांचे झाले.

“व्याही,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “तुम्ही काय म्हणतां?”

सेल्वम रिक्षा सुरू करायला उठला होता. माझे उत्तर त्याला पाठ होते.

मी म्हणालो, “रूळ जवळ आहेत.”

गोविंदसामींनी कानाला हात लावला. “काय?”

“रेल्वेचे रूळ,” मी मोठ्याने म्हणालो. “जवळ आहेत.”

“अय्या, रूळ त्या बांधापलीकडे. मधे दोन शेतं आहेत, एक पाट आहे.”

“जनावर आहे. जाऊ शकतं.”

“पण अय्या,” सून आतून म्हणाली, “ती अंगणभर चालली तरी दमते म्हणालात ना तुम्हीच? मग एवढं लांब गाडीखाली यायला कशी जाईल?”

“मी स्टेशनमास्तर होतो,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यात या वाक्याचा असा उपयोग मी पूर्वी केलेला नाही.

गोविंदसामी भले गृहस्थ. ते म्हणाले, “विचार करा सावकाश. मुलीचं पाहायचं तर सगळं पाहायलाच हवं. माझं घर कुठे जात नाही.” त्यांनी आम्हाला केळीचा एक घड दिला. मी तो मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. बैठकीवर आज कुत्रे नव्हते, तरी सवयीने कडेलाच बसलो. सेल्वम आरशातून पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला रस्त्याकडे पाहायला सांगितले.

विहीणबाईंनी वाटेत सेल्वमला एकही सूचना केली नाही. हे अनैसर्गिक होते. रेल्वेचे फाटक बंद होते, रिक्षा थांबली, तंजावरहून येणारी गाडी धडधडत निघून गेली. मग त्यांनी विचारले, “व्याही, या मार्गावर गाड्या फार येतात कां?”

“येतात.”

“दिवसासुद्धां?”

“दिवसाच जास्त.”

“असं,” त्या म्हणाल्या. फाटक उघडले. “मग तुम्ही म्हणतां तेंही खरं. विचार केला पाहिजे.” पुढे त्यांनी सेल्वमला रिक्षा सावकाश चालवल्याबद्दल झापले आणि परिमळा भातात मीठ घालते की काय अशी शंका काढली. घरापाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कारण दुसरे धरायला काही नव्हते. हात बराच जड होता. पायरीपर्यंत त्या तो काढू शकल्या नाहीत, आणि या वेळी वेळ मारून नेण्यासाठी त्यांनी कोणाला काही काम सांगितले नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. “अप्पा, गोविंदसामींचं झालं ना? सेल्वम म्हणाला घर छान होतं.”

“बोलणी चालू आहेत,” मी म्हणालो.

“म्हणजे? अडलं कुठे?”

“मुलीकडच्यांना अशी घाई करून चालत नाही.”

माझी मुलगी हुशार आहे, हे मला कधी कधी गैरसोयीचे होते. “अप्पा,” ती हळू म्हणाली, “त्यांचा गुडघा सुधारणार नाही.”

“माहीत आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मी जेवलो का ते विचारून तिने फोन ठेवला.

त्यानंतर गोविंदसामींचा निरोप दोनदा येऊन गेला. त्यांनी घाई केली नाही. एकदा सेल्वमबरोबर केळीची पाने पाठवली, आणि दुसऱ्यांदा असे कळवले की मुलीकडच्यांची चिंता लक्षात घेऊन त्यांनी रुळांच्या बाजूला बांबूचे कुंपण घातले आहे. सेल्वम ते पाहून आला. तो म्हणतो, पक्के घातले आहे, मांजरसुद्धा जाणार नाही. पुढच्या आठवड्यात कुंपण पाहायला या, असे आमंत्रण आहे. मी अजून कळवलेले नाही. स्थळ चांगले आहे. अडचण तेवढीच आहे.